एकदाच वाजायची धून

नांदेडच्या वर्तमानपत्रात डेस्कवर शिकलो ते एवढंच, की बातमीत एक गोष्ट एकदाच येते. दुसऱ्यांदा आली की तिच्यावर रेघ. नोकरी सांभाळून मी नाटकांना संगीत द्यायचो, तिथेही हाच नियम पाळला. लातूरच्या एका क्लासवाल्या सरांनी ऐतिहासिक मालिकेचं संगीत मागितलं, तेव्हा भांडण कशावरून होणार हे कळायला हरकत नव्हती.

सरांनी भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शिकवायला सुरुवात केली होती. आता त्यांच्या इमारती होत्या, वसतिगृह होतं, आणि मालिकेचा खर्चही तेच करत होते. कथा एका किल्लेदाराच्या बायकोची. नवरा लढाईत पडतो, ती किल्ला राखते आणि शेवटच्या भागात किल्ल्या शत्रूच्या हाती देऊन दरवाजाबाहेर पडते. त्या बाहेर पडण्यासाठी मी एक धून बांधली. हैदराबादहून बोलावलेली व्हायोलिनं आणि चेलो, सोबत नांदेडच्या बँडमधली क्लॅरिनेट. त्याआधी ती कुठेच ऐकू येऊ नये, एवढीच माझी अट होती. मालिकेत माझं म्हणावं असं तेवढंच होतं. बाकी घोडी, तोफा आणि दरबार.

रेकॉर्डिंग क्लासच्याच हॉलमध्ये झालं. फळ्यावर रसायनशास्त्र तसंच होतं. सरांनी सगळं संगीत टेप करून वसतिगृहाच्या मेसमध्ये जेवणाच्या वेळी लावलं आणि मग पोरांना विचारलं, काय आठवतंय. दरबार कुणालाच आठवेना. तोफा एकाने ताट बडवून दाखवल्या. शेवटची धून मात्र निम्म्या मेसने गुणगुणली.

“ठरलं,” सर म्हणाले. “पहिल्या भागापासून हीच.”

“सर, ती शेवटासाठी आहे. तोवर झाकून ठेवायची.”

“झाकून? परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा धडा उघडतो का कुणी?”

“ही परीक्षा नाही.”

“सगळी परीक्षाच हाय, पत्रकारसाहेब. रिव्हिजनबिगर डोक्यात कायबी राहत न्हाई.”

मग बारशाला तीच, मसलतीला तीच, घोडा लंगडला तरी तीच. मी भाग तपासताना ती काढायचो. प्रक्षेपणात ती परत असायची. क्लॅरिनेटवाले चाचा नांदेडात लग्नं वाजवणारे. तेही वैतागले. “साब, वरातीत बी एकच गाणं एवढ्यांदा न्हाई वाजवत आमी.”

शेवटच्या भागासाठी ती नव्याने रेकॉर्ड करायला बसलो, तेव्हा एकाही वादकाने नोटेशनकडे पाहिलं नाही. धून त्यांच्या हातातून आपोआप सांडत होती. डेस्कवर जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. मी तेच केलं. बाकी सगळ्यांना थांबवलं, एक व्हायोलिन ठेवलं आणि शेवटची ओळ छाटली. बाई उंबरठा ओलांडते तिथे वाद्य थांबतं.

“शेवटची ओळ कुठाय?” सरांनी विचारलं.

“लोकांना पाठ आहे. तुम्हीच करून घेतलीय.”

मुद्दा सरांचाच असल्यामुळे त्यांना तो खोडता येईना.

तो भाग मी मेसमध्ये बसून पाहिला. बाईने किल्ल्या दिल्या, उंबरठा ओलांडला, व्हायोलिन थांबलं. मागच्या बाकावरून कुणीतरी हलकेच उरलेली ओळ धरली. मग दुसऱ्याने, मग सगळ्या मेसने, एकमेकांकडे न बघता. वाढपी वरणाची बादली धरून तसाच उभा राहिला. मला हवं होतं ते झालं होतं, आणि ते सरांच्या पद्धतीने झालं होतं. हा वैताग कुणाला सांगण्यासारखाही नव्हता.

“बघितलं?” सर म्हणाले. “रिव्हिजन.”

पुढच्या उन्हाळ्यात मालिका पुन्हा लागली. शेवटचा भाग मी नांदेडला घरी पाहिला. बाईने उंबरठा ओलांडला, व्हायोलिन थांबलं आणि लगेच कीबोर्ड सुरू झाला. सरांनी राहिलेली ओळ भरून घेतली होती. दोनदा.