तात्यांचा दुसरा प्रश्न

"तुमच्यात जग कुनी केलं म्हनत्यात?"

खोली बघायला आलेल्या माणसाला तात्यांचा हा पहिला प्रश्न असे. त्याआधी टोपी काढायची, तिच्यावर फुंकर मारायची, ती पुन्हा नीट डोक्यावर बसवायची आणि मगच तोंड उघडायचं. लग्न झालंय का, मटण-मच्छी खाता का, रात्री किती वाजता येता, हे हिंजवडीजवळच्या आमच्या माण गावातले सगळेच घरमालक विचारतात. तात्यांना त्यातलं काहीच नको असायचं. पाठीवर बॅग घेऊन घामाघूम झालेला इंजिनियर आधी गोंधळायचा आणि मग मोबाइल काढायचा. तात्या लगेच हात आडवा करायचे. "त्यात नगं बगू. आईला इचार. रविवारी सांगितलंस तरी चालंल. ही घे चावी."

नातवंडांनो, परवा फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात. शाळेत वादविवाद आहे, एकाला उत्क्रांतीची बाजू मिळाली आहे आणि एकाला देवाने जग निर्माण केलं ही. "आजी, तू कोणाच्या बाजूची?" असं तुम्ही विचारलंत आणि मी लिहून कळवते म्हटलं. जन्मभर कॉलेजात इंग्रजीतून जीवशास्त्र शिकवलेल्या बाईने उत्तराला इतका वेळ घ्यावा, याचं तुम्हाला हसू आलं असेल. पण लिहायला बसले आणि तात्याच समोर येऊन बसले. त्यामुळे आधी त्यांना भेटा. तुमची स्पर्धा महिन्यावर आहे, तेवढा वेळ आहे.

आमच्या सोसायटीची मागची भिंत आणि तात्यांच्या खोल्या यांच्यामध्ये एक जुना आंबा आहे. त्याखाली तात्यांची बाज. खोल्या दहा, एका ओळीत, पूर्वी जिथे भाताची खाचरं होती तिथे. एक खाचर मात्र त्यांनी शेवटपर्यंत ठेवलं होतं, घरापुरत्या आंबेमोहरासाठी. आयटी पार्कच्या बसमधून उतरणारे लोक त्या खाचराच्या बांधावरून मोबाइलवर बोलत आपापल्या खोलीत जायचे.

माझी त्यांची ओळख भिंतीवरूनच झाली. "ओ बाई, विंग्रजी येतंय न्हवं? हिकडं या जरा." बाजेसमोर मेघालयातली एक मुलगी अवघडून उभी होती. तिने आईला फोन करून उत्तर आणलं होतं, पण सांगायची भाषा जुळत नव्हती. मी दुभाषी झाले. तिच्या लोकांत म्हणे आकाशात सोळा कुटुंबं राहायची. ती शिडीवरून खाली यायची, शेती करायची, संध्याकाळी परत वर. एकदा शिडी तुटली. सात कुटुंबं खाली राहिली, नऊ वर. आपण सगळे त्या सातांचे.

तात्यांनी मान डोलावली. "वाटणी झालेली दिसतीय. वरच्यांनीच तोडली आसंल शिडी."

मला हा खेळ आवडला. दुसऱ्याच दिवशी मी एक वही घेतली आणि रकाने आखले: अनुक्रमांक, गाव, धर्म, जग कोणी केलं. माझी ही शिस्त बघून तात्या म्हणाले, "बाई, मानसं हायेत, वाणसामान न्हाई." मग थोड्या वेळाने बोट ठेवून म्हणाले, "आजून एक रकाना वडा हितं."

तो त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचा होता. पहिल्याचं उत्तर ऐकून झालं की ते जरा पुढे झुकायचे आणि आवाज खाली आणून विचारायचे, "आन त्यात करनाऱ्याची कुटं चूक झाली का?"

या प्रश्नावर लोक दचकायचे. पौडच्या बाजारात ज्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे ते चाचा, तात्यांचे जुने मित्र, खोल्यांना लागणारे नळ-कड्या घेऊन यायचे. त्यांच्यात अल्लाने 'हो', म्हणजे 'घड', म्हटलं आणि जग झालं. तात्यांनी हे उत्तर ग्रामपंचायतीला शिकवायला हवं म्हणून सांगितलं, त्यावर दोघं खूप हसले. पण दुसऱ्या प्रश्नाला चाचांनी कानाला हात लावला. "तौबा. त्याची कशी चूक होईल तात्या? चुका आपल्या."

राजस्थानातून आलेला जैन मुलगा म्हणाला, जग कुणी केलंच नाही, ते आहेच. तात्यांनी विचारलं, "मंग तुमी बोल कुनाला लावता?" त्याने सांगितलं, आपल्याच कर्माला. तात्यांनी टोपी काढली, फुंकर मारली आणि ती पुन्हा घातलीच नाही. हे चिन्ह चांगलं नसायचं.

वहीतला पाचवा रकाना भरत चालला होता: नाही, नाही, नाही.

एवढं कशासाठी, हे त्यांनी मला एका दुपारी सांगितलं, अगदी पिकाची हकिकत सांगावी तसं. त्यांची थोरली मुलगी जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ दुभंगलेला होता. पुण्याला नेऊन तो शिवून आणला. ती मुलगी आता शेजारच्या नांदे गावात अंगणवाडी चालवते, ओठावर एक बारीक रेघ राहिली आहे आणि तिचं बोलणं थांबवायला तिची दोन्ही मुलंही धजत नाहीत. तिचं काहीच अडलं नाही. अडलं ते तिच्या आईचं, तात्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं. पोटुशी असताना ग्रहण लागलेलं विसरून वहिनींनी विळीवर दोडका चिरला होता. मूल जन्मलं तेव्हा, ग्रहणात चिरलंस म्हणून पोरीचा ओठ चिरला, असं एकच वाक्य सासू बोलली आणि पुढे तीस वर्षं अधूनमधून बोलत राहिली. सासू गेली. वाक्य वहिनींनी ठेवून घेतलं. अजूनही ग्रहणाच्या आदल्या दिवशीच त्या विळी जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकत.

"जगात यवडं द्येव हायेत," तात्या म्हणाले, "एक तरी म्हनंल की न्हाई, की बाई, तुजी न्हाई, माजी चूक झाली?"

त्यांनी मला माझा धर्म विचारलाच नव्हता. त्या दिवशी विचारलं. मी सरळ बसले आणि उत्क्रांती सांगितली. हा धर्म नाही, पुरावे आहेत, हे दोनदा बजावलं. तात्यांनी ते ऐकल्यासारखं केलं आणि वहीकडे बोट दाखवलं: 'लिवा. शास्त्रवाले.' मला राग आला, पण पुढचं ऐकल्यावर गेला. लोंब्यांमधून चांगली लोंबी निवडून बी धरलं की वाण बदलत जातो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. बापाच्या वेळचा आंबेमोहर उंच होता, आडवा पडायचा. आखूड ताटाचं बी धरून धरून त्यांनी तो खाली आणला होता.

"आमच्यात मी निवडतू," ते म्हणाले. "तुमच्यात कोन निवडतंय?"

मी म्हटलं, कोणी नाही. पाऊस, कीड, थंडी. जे टिकेल ते टिकेल.

"आन पयला फरक पडतोय कशानं?"

मी म्हटलं, बी आपल्यासारखं दुसरं बी करतं तेव्हा नक्कल करताना कुठेतरी चूक होते.

तात्या बाजेवरून उठून उभे राहिले. "चूक? तुमच्यात चूक हाय?"

पाचव्या रकान्यात पहिल्यांदाच 'होय' लिहिलं गेलं, आणि ते माझ्या ओळीत. मला फार आनंद झाला, हे कबूल करते. तात्या मला तसंच उचलून वहिनींपुढे घेऊन गेले. वहिनी भाकरी थापत होत्या. मी त्यांना वर्गात सांगावं तसं नीट, मुद्देसूद सांगितलं. पोटात बाळाचा ओठ दोन्ही बाजूंनी वाढत येतो, दीड-दोन महिन्यांत मध्ये जुळतो, कधी जुळायचा राहतो. ग्रहणाचा काही संबंध नाही. कोणाचाही दोष नाही.

वहिनींनी सगळं ऐकलं. भाकरी उलटली. "व्हय बाई," त्या म्हणाल्या. "शिकल्याल्या मानसाला ठावं. पन तुमी व्हता का तितं?"

मुलांनो, इतकी वर्षं शिकवून हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तुमच्या वादविवादात समोरचा हाच विचारील, तयारी करून जा.  मी त्या दिवशी चहा पिऊन परत आले.

त्यानंतर काही महिन्यांनी नायजेरियाचा विद्यार्थी आला. गल्लीत तीन ठिकाणी त्याला खोली नाकारली होती. कारण कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरज नव्हती. तात्यांची अडचण वेगळी होती. त्यांनी त्याला दारात उभं केलं, वर बघितलं आणि मला म्हणाले, "डोसकं आपटंल म्हनावं. वाकून ये-जा करत आसंल तर ऱ्हा." त्याने वाकून दाखवलं आणि खोली त्याची झाली. डोकं मात्र त्याने पहिल्या आठवड्यात चार वेळा आपटलं.

तो दर रविवारी चर्चला जाणारा. जग सहा दिवसांत झालं आणि सातव्या दिवशी देवाने विश्रांती घेतली, असं त्याने ठाम सांगितलं. "कंपनीपरास बरी नोकरी," तात्या म्हणाले. "आन चूक?" मी भाषांतर केलं. तो ताठ झाला. नाही, अजिबात नाही. मी पाचव्या रकान्यात 'नाही' लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात तो हसला. मी मानत नाही, पण माझी आजी एक जुनी गोष्ट सांगायची, म्हणाला. तिच्या गावात माणसं मातीची घडवली जायची. घडवणाऱ्याला एक दिवस तहान लागली आणि तो ताडी प्याला. जास्त प्याला. तसाच पुढे घडवत बसला. त्या दिवशीची कुणाची पाठ वाकडी झाली, कुणाचा पाय, कुणाचं तोंड.

मी मराठीत सांगत होते आणि तात्यांचा हात टोपीकडे जाऊन तिथेच थांबला होता. त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. त्या उंच मुलाचं मनगट धरून त्यांनी त्याला घरात नेलं. चौकटीला तो पाचव्यांदा धडकला. "हिला सांग. समदं पयल्यापासनं."

वहिनी लसूण सोलत होत्या. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "लई प्याला व्हता का?" मुलाने दोन्ही हातांनी मोठं मडकं दाखवलं. मग वहिनी म्हणाल्या, "आन उतरल्यावं?"

उतरल्यावर, मुलगा म्हणाला, त्याने सकाळी ती माणसं बघितली आणि रडला. पुन्हा थेंब घेणार नाही अशी शपथ घेतली. आणि म्हणाला, ही माझी माणसं. यांना कोणी बोलायचं नाही. यांना मी सांभाळणार.

वहिनींनी लसणाची सुपली बाजूला ठेवली. पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या, खांदे हलेपर्यंत. "मेला," एवढंच म्हणाल्या. मग उठून त्या मुलाला दोन भाकऱ्या आणि मूठभर खर्डा दिला. तो त्याने एका घासात खाल्ला आणि पुढची पंधरा मिनिटं पाणी प्याला.

दुसऱ्या दिवशी तात्या भिंतीशी आले. मी जरा रुसलेच होते. माझं शास्त्र खरं आणि ताडीची गोष्ट खोटी, हे त्यांना पटत होतं का, असं मी विचारलं.

"तुमचं खरंच आसंल, बाई. मी बी धरलंय, मला ठावं हाय. पन तुमच्यात चूक झाल्याव रडतंय कोन?"

जाता जाता थांबले. "हासली म्हातारी. पन सुटली का न्हाई, कळंना. ती बोलायची न्हाई."

ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्याच पावसाळ्यात भाताची लावणी झाल्यावर चार दिवसांच्या तापात तात्या गेले. बाज आंब्याखालून उचलून कुणीतरी खोल्यांच्या भिंतीला उभी करून ठेवली. वहीत त्यांची स्वतःची ओळ नाही. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाले होते, "माजं आजून ऐकायचं चाललंय."

त्या दिवाळीत, ऐन सणात, संध्याकाळी सूर्यग्रहण लागलं. गल्लीतली दारं लागली. रेडिओ, टीव्ही, मुलं, सगळं आत गेलं. मला ग्रहण बघायचं असतं, म्हणून मी खास चष्मा घेऊन मागच्या भिंतीशी गेले. आंब्याखाली उघड्या अंगणात वहिनी विळीवर बसल्या होत्या. समोर टोपलीभर दोडके. चर, चर, चर.

मी काहीही समजावून सांगायला तोंड उघडलं नाही. आयुष्यात हे शहाणपण मला उशिरा आलं. वहिनींनी मान वर न करता हाक मारली.

"या बाई, बसा. भ्याव वाटत न्हाई न्हवं?" आणि मग विळीवरचा हात न थांबवता, वर हनुवटी करून म्हणाल्या, "वर आता दोघं हायेत. त्यो ताडीवाला आन आमचं ह्ये. बगू द्यात."

मी चष्मा खिशात ठेवला. उतरत्या उन्हाचे कवडसे आंब्याच्या पानांमधून भिंतीवर पडले होते आणि ग्रहणात पडतो तसा त्यातला प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा वाकडा झाला होता. भिंतीला उभ्या केलेल्या तात्यांच्या बाजेवर असे शे-दीडशे तरी सूर्य हलत होते, सगळेच्या सगळे एका बाजूने चिरलेले.