सॅम्युएल पाळकांचा माणूस

उचगावात आमच्या शेजारी एक गवंडी मामा राहतात. नवा माणूस भेटला की मोठ्यानं सांगतात, "आमी सॅम्युएल पाळकांची, पावणं!" नुसतं ख्रिस्ती म्हणून त्यांनी कधी स्वतःची ओळख सांगितली नाही. सख्खी बहीण गावातल्या दुसऱ्या चर्चच्या दाऊद पाळकांच्या प्रार्थनेला जाऊ लागली, तेव्हापासून त्यांनी तिच्याशी बोलणंच सोडलं होतं.

परवा ती गेली. मामा दफनभूमीच्या फाटकाबाहेरच उभे राहिले.

मी म्हणालो, "मामा, मूठभर माती तरी टाका की."

"ती त्यांची हाय. त्यास्नीच टाकू दे."

आत दाऊद पाळकांनी प्रार्थना संपवली. मामांच्या तोंडून हळूच "आमेन" निघून गेलं. आपल्यातल्या कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून त्यांनी घाबरून मागं पाहिलं.