सुखदाच्या ताटल्या आणि चित्राताईंचा काढा

सुखदाला मिरवायची सवय नव्हती. मिरवण्यासारखं होतंच कुठे काही? पुण्याहून सिडनीला शिकायला आली, शिकली, तिथे कायम राहायचा परवाना, म्हणजे पीआर, मिळवला आणि गेली अकरा वर्षं एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये पेशी सांभाळत होती. प्लॅस्टिकच्या छोट्या ताटल्यांत अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, त्यांना वेळच्या वेळी खाऊ घालायचं, मग त्यांच्यावर नाना अर्क टाकायचे आणि किती वाढल्या ते मोजत बसायचं. शनिवारीही जावं लागे, कारण पेशींना वीकएंड नसतो. छापून येणाऱ्या शोधनिबंधावर नाव साहेबांचं. सुखदाचे आभार शेवटी, बारीक अक्षरात.

गणपतीला वेंटवर्थव्हिल उपनगरातल्या हॉलमध्ये सगळे मराठी आयटीवाले जमत आणि कोणीतरी हमखास विचारी, "काय गं, अजून त्याच लॅबमध्ये?" गेल्या सप्टेंबरात त्यांच्यातल्याच प्रतापने विचारलं आणि तिचं डोकं सटकलं.

"हो, त्याच लॅबमध्ये. आमच्या चिनी मुळीच्या अर्काने ओव्हेरियन कॅन्सर स्लो होतोय, माहितीये?"

'ताटलीत' हा एवढा एक शब्द तिने गिळून टाकला. मोदक खाता खाता पाचसात जण वळले, प्रश्न विचारायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याभोवती घोळका जमला होता आणि खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं.

घोळक्याच्या मागे चित्राताई उभ्या होत्या. सुखदाला दिसल्या नाहीत.

सिडनीतलं पहिलं वर्ष सुखदाने गिरावीन उपनगरात, याच चित्राताईंच्या मागच्या खोलीत काढलं होतं. कॉलेजनंतरच्या कामाच्या शिफ्टवरून थकून आली की ओट्यावर झाकून ठेवलेलं पिठलं-भात असायचा, आणि जेवल्याशिवाय झोपायची तिला परवानगी नसायची. दोन वर्षांपूर्वी ताईंना अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, वर्षभर बरं गेलं, आणि या हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या जुलैत, तो परत आला. पुन्हा केमो सुरू झाली.

नोव्हेंबरात रक्ताच्या तपासणीत लिव्हरचे आकडे वाढलेले आले आणि डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली. एकदा, मग दुसऱ्यांदा. कारण काही सापडेना. तिसऱ्या खेपेला ताईंचे यजमान यतिनदादा कामासाठी मेलबर्नला गेले होते, म्हणून शुक्रवारी ताईंना हॉस्पिटलला न्यायला सुखदा आली. घरात शिरताच उग्र वास आला. शेगडीवर, चहाच्या पातेल्यात, काळंभोर काहीतरी रटरटत होतं.

"ताई, हे काय?"

"तुझीच मुळी!" चित्राताई हसल्या. "ईस्टवुडच्या चिनी दुकानातून आणते. त्या बाईला म्हटलं, ओव्हेरियनवर चालते ती दे. तिने आणखी चारपाच पाळंमुळं घातली. सुंठ आणि गूळ माझा. दोन महिने झाले, रोज दोन वेळा घेते. रिपोर्ट चांगला आला की तुला सरप्राइज देणार होते."

सुखदाने आधी शेगडी बंद केली. "डॉक्टरांना सांगितलंत?"

"काढा काय सांगायचा? ती नर्स दर वेळी विचारते, एनी अदर मेडिसिन्स? मी म्हणते, नो. हे काय औषध आहे? सर्दी झाली की घेतोच ना आपण."

सुखदाच्या आईनेही काढा कधी औषधात धरला नव्हता.

गाडीत बसल्यावर तिने एका दमात सांगून टाकलं. "ताई, ते सगळं ताटलीतल्या पेशींवर आहे. आम्ही ते माणसाला दिलेलं नाही, उंदरालासुद्धा नाही. त्याने लिव्हरचं काय होतं, केमोबरोबर घेतलं तर काय होतं, आम्हाला काहीच माहीत नाही."

"त्या दिवशी असं नव्हतीस म्हणाली."

"नव्हते म्हणाले."

हॉस्पिटल येईपर्यंत चित्राताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. सुखदाला वाटत होतं, ताईंनी चांगलं फैलावर घ्यावं, निदान एकदा ओरडावं.

नर्सने नेहमीचा प्रश्न विचारला. चित्राताईंनी पर्समधून मुळ्यांची पुडी काढून तिच्यापुढे ठेवली. नर्सने वास घेतला, लिहून घेतलं आणि विचारलं, हे घ्यायला कोणी सांगितलं?

"नोबडी," चित्राताई चटकन म्हणाल्या. "माय ओन आयडिया." टेबलाखाली त्यांनी सुखदाचा हात घट्ट दाबून धरला होता.

"नो," सुखदा म्हणाली. "आय टोल्ड हर. मी याच्यावरच काम करते."

डॉक्टर आल्या. लिव्हरवरचा परिणाम या काढ्यामुळेच झाला असं छातीठोक सांगता येणार नाही, नाही असंही सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या. काढा आजपासून बंद. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, मग केमोचं ठरवायचं. पाच आठवडे आधीच वाया गेले होते, आणि नव्या स्कॅनमध्ये आजार थोडा पुढे सरकलेला दिसत होता. हेही त्यांनी सरळ सांगितलं.

परतीच्या वाटेवर वेंटवर्थव्हिलचा सिग्नल गेल्यावर चित्राताईंनी विचारलं, "ताटलीत तरी खरंच हळू वाढतात ना गं त्या?"

"हो ताई. खरंच."

"मग उद्या शनिवार आहे. माझ्याजवळ थांबते म्हणून सुट्टी घेशील, ओळखते मी तुला. ते काही नाही. लॅबला जा."

"जाईन," सुखदा म्हणाली, आणि पुढचा रस्ता दिसेना म्हणून तिने गाडी बाजूला घेतली.