नववा फर्मा

बाइंडरला जगातल्या दोनच गोष्टी मनापासून कळत: पुस्तक कसं शिवायचं, आणि जुन्या नायिकांनी आयुष्यात काय काय सोसलं. वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्याच्याकडे यायची. बाकीची दोन दिवसांत परत जात. नायिकांच्या आत्मचरित्रांची खळ मात्र वाळायला महिना घेई.

त्या नायिकांतली एक त्याचं दैवत. तिला तो बाईसाहेब म्हणे. तिचं पुस्तक त्यानं शिवल्यापासून बारा वेळा वाचलं होतं आणि एकशे सदतिसाव्या पानावर बाराही वेळा डोळे पुसले होते. तिथं बाईसाहेब भर सेटवर निर्मात्याच्या थोबाडीत मारून पायी घरी जातात. त्यांची प्रतिस्पर्धी म्हणजे 'ती नटवी'. तिची दहा पानं वाचून त्यानं निकाल दिला होता, "नुसता तोरा!"

"माझ्या आईचं ऑपरेशन कधी झालं ते आठवत नाही," बायको म्हणायची, "पण बाईसाहेबांना ताप कधी आला ते तोंडपाठ."

"त्याला इतिहास म्हणतात."

एका सोमवारी ग्रंथपालबाई दोन्ही पुस्तकं घेऊन दुकानात आल्या. "काका, एका वाचक बाईंची तक्रार आहे. या तुमच्या नटवीला एकशे अठ्ठावीस पानं एक मुलगी, पुढची सोळा पानं दोन मुलगे, आणि मग परत मुलगी!"

बाइंडरनं पानं चाळली आणि चूक त्याच्या ध्यानात आली. दोन्ही पुस्तकं एकाच प्रकाशकाची, एकाच मापाची. एकाच दिवशी उसवून शेजारी शेजारी रचलेली. शिवताना त्यानं फर्म्याचा, म्हणजे सोळा पानांच्या जुडीचा, नंबर तेवढा पाहिला, आणि नऊ नंबर दोन्हीकडे होता. सोळा पानांची अदलाबदल झाली होती.

"म्हणजे बाईसाहेबांना मध्येच मुलगी झाली असणार. बारा वेळा वाचून कळलं नाही?"

"कळलं होतं," तो पुटपुटला. "वाटलं, दत्तक घेतली असेल. मोठ्या माणसांचं असतं काहीतरी."

"शनिवारपर्यंत नीट करा. नाहीतर वाचनालयाची पुस्तकं दुसऱ्या बाइंडरकडे."

दोरा कापताना त्याचा हात थांबला. म्हणजे ती थोबाडीत नटवीनं मारली होती! बाईसाहेबांच्या खऱ्या पानावर त्याच निर्मात्याच्या बंगल्यातल्या चहाचं वर्णन होतं, पडद्यांच्या रंगासकट.

चार दिवस पुस्तकं उसवलेलीच पडून होती. बायको म्हणाली, "अहो, शिवा आता. त्या बाईनं बंगल्यात चहा प्यायला, तुम्ही का उपाशी?"

शुक्रवारी त्यानं ज्याचा फर्मा त्याला दिला. मग नटवीचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि जेवायला चार हाका मारल्या तरी उठला नाही.

शनिवारी ग्रंथपालबाईंच्या हातात एकच पुस्तक पडलं.

"आणि नटवीचं?"

"नटवी काय म्हणता, बाई? मान द्या जरा. खळ ओली आहे अजून. कणा असलेली बाई ती, मी पहिल्यापासून म्हणत आलोय."

आतून बायको ओरडली, "कुणाला म्हणत आलात?"

तो तोवर पुन्हा पुस्तकात शिरला होता.