खरा आपटा कसा ओळखावा

आम्हा जबलपूरच्या मराठी माणसांचं मराठीपण वर्षातून तीन-चार दिवस जागं होतं आणि त्या दिवशी ते कुणाच्या तरी मुळावर उठतं. एरवी मुलांशी हिंदी, कामवालीशी हिंदी, कुत्र्याशी इंग्रजी. आमच्या पोरांना मराठी समजतं, पण बोलायची वेळ आली की ती मोबाइलमध्ये डोकं घालतात. माझ्या घरातही वेगळं काही नाही. पण दसरा आला की सगळ्यांना एकदम आठवतं, आपल्याला सोनं वाटायचंय. मंडळाच्या हॉलमध्ये एकमेकांच्या हातात आपट्याची पानं कोंबायची, मोठ्यांच्या पाया पडायचं, कागदी प्लेटमधला चिवडा संपवायचा आणि रावण बघायला पळायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळं सोनं हॉलच्या मागे केराच्या ढिगात पडलेलं असतं.

कितीतरी वर्षं हे सोनं खोटं होतं आणि त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. वाटली जात ती कांचनाची पानं. आमच्याकडच्या सदर भागातल्या बंगल्यांत, रस्त्यांच्या कडेला कांचन हवा तेवढा आहे. लावला की भराभर वाढतो, छाटला की पुन्हा फुटतो. पानाला मध्ये खाच असते, आपट्यालाही असते, तेवढ्यावर आमच्या लोकांचं समाधान झालेलं होतं. कुणीतरी पोतंभर पानं आणायचं, वाटायचं आणि प्रकरण मिटायचं.

मलाच ते बघवलं नाही. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. लग्नाला गेले तरी मांडवाला बांधलेला अशोक हा खरा अशोकच नाही, हे शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला सांगितल्याशिवाय मला जेवण जात नसे. असल्या माणसाच्या हातात दरवर्षी चुकीचं पान येत होतं. एका दसऱ्याला मी सरळ माईकजवळ गेले आणि सांगितलं की तुम्ही जे वाटताय तो आपटा नव्हे. हॉलमध्ये शांतता पसरली. मला त्या शांततेचा फार आनंद झाला होता, हे कबूल करते.

मंडळाने लगेच माझं व्याख्यान ठेवलं. मी फळ्यावर दोन्ही पानं काढली. कांचनाचं मोठं, मऊ. आपट्याचं लहान, जाड, चामड्यासारखं, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण शिकवण्याची खाज वाईट. मी घरामागच्या झाडाची एक डहाळी तोडून नेली होती, ती सगळ्यांच्या हातातून फिरवली आणि कुठून आणली तेही सांगितलं.

माझ्या घरामागे काळ्या दगडांची टेकडी आहे. शहर वाढत वाढत तिच्या अंगावर चढलं, पण वरचा काही भाग अजून शिल्लक आहे, कारण तिथे दगड फोडणं बिल्डरला परवडत नाही. त्या दगडांत हा आपटा उभा होता. वाकडा, बुटका, फांद्या खाली लोंबलेल्या. असं झाड खडकात वाढायला माणसाचं अर्धं आयुष्य घेतं. पावसाळ्यात त्याच्या पानांवर फुलपाखराच्या अळ्या पोसत. मुंग्यांनी पानं चिकटवून घरं केलेली असत. उन्हाळ्यात बारीक पांढुरकी फुलं आली की मधमाश्या आणि मध प्यायला येणारे शिंजीर पक्षी दिवसभर तिथे. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी मागच्या दारात उभी राहायची ती या झाडासाठी. नवरा गेल्यानंतर तर मी बोलायचीही तिथेच. ते झाड राहावं, एवढंच मला पुढच्या सगळ्या वर्षांत हवं होतं, आणि ते मला जमलं नाही.

पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडळाचे कार्यवाह कोयता घेऊन आले. साठीतला माणूस, सरकारी नोकरीतून निवृत्त. त्यांनी मला नमस्कार केला, चहा घेतला, व्याख्यानाची स्तुती केली आणि वर चढून दोन मोठ्या फांद्या उतरवल्या. मी पायरीवर उभी राहून बघत होते. आपणच शिकवलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या उत्तरासाठी शून्य कसं द्यायचं, असं काहीतरी मला वाटत असावं. पुढल्या वर्षी मंडळाच्या ग्रुपवर झाडाचं लोकेशन पडलं. स्कूटरवर बायका आल्या, मुलांना घेऊन, नागपूरहून आलेले पाहुणे घेऊन. खरा आपटा आपल्या हाताने तोडायचा, त्याचा व्हिडिओ करायचा, हा नवाच उत्सव सुरू झाला. ज्यांना आयुष्यात निवडुंग आणि कोरफड यांतला फरक कळला नाही ते एकमेकांना सांगत होते, पान जाड बघा हं, चामड्यासारखं. शब्द माझे होते.

मी विरोध केला नाही असं नाही. मी कार्यवाहांना फोन केला, घरी गेले, लिहूनही दिलं की पानं ओरबाडली की झाडाला पुढे खायला काही उरत नाही आणि त्याच्यावर जगणाऱ्यांनाही. त्यांनी फार आदराने ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या? आपण तर परंपरा जपून राहिलो ना. पेड़ का क्या है, वो तो फिर आ जाएगा."

या माणसाच्या हॉलमध्ये जूनमध्ये पर्यावरणाचा कार्यक्रम झाला होता. प्लॅस्टिकच्या फलकावर वाघ, प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून पाणी, आणि तुळशीचं एक रोप नऊ जणांनी मिळून धरलेला फोटो. नऊ जण. ते रोप त्यांच्या हातांत दिसतही नाही. नंतर सगळे गाड्या काढून ग्वारीघाटावर आरतीला गेले आणि दिवे, फुलं, द्रोण नर्मदेत सोडून निसर्गाचे आभार मानून आले. यांना अडाणी म्हणावं तर सगळे पदवीधर. यांना कशाचीच गरज वाटत नाही, मुंगीची नाही, अळीची नाही, शिंजीराची तर नाहीच. यांना फक्त वाटायला पान हवं असतं.

तिसऱ्या दसऱ्याला कुणीतरी खोडाच्या दुबेळक्यात चढलं आणि ते उभं चिरलं. पावसाळ्यात त्या चिरेत पाणी साचून कुजत गेलं. पुढच्या उन्हाळ्यात फुलं आली नाहीत. मी जून, जुलै, ऑगस्ट रोज सकाळी पालवी शोधली. नखाने साल खरवडून बघितली, आत हिरवं काही नव्हतं, सगळं वाळून तपकिरी झालं होतं. तेव्हा मी तिथेच दगडावर बसून रडले. कार्यवाहांवर चिडून नव्हे. मला माझ्या त्या खडूचा, त्या फळ्यावरच्या रेखीव चित्राचा राग आला होता. या लोकांना आपटा ओळखता येत नव्हता तोवर तो सुखात होता.

गेल्या दसऱ्याला शेजारच्या घरातली नवी सून दारात आली. मुलगी इंदूरची, मराठी अडखळत बोलणारी, पण बोलायचा प्रयत्न करणारी. तिच्या हातात भलंमोठं, मऊ पान होतं, सदरमधल्या कुठल्या तरी कुंपणावरून तोडलेलं.

"काकू, ये आपटा ही है ना? मम्मीजी म्हणत होत्या, खरा कोणता ते फक्त तुम्हालाच समजतं."

मी चष्मा लावला, पान उलटसुलट करून पाहिलं.

"हो, हाच आपटा," मी म्हणाले. "सगळ्यांना सांग."

तिने पान धरलेला माझा फोटो काढला आणि तिथल्या तिथे मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली कार्यवाहांनी हात जोडलेली दोन चिन्हं पाठवली. संध्याकाळी हॉलमध्ये सगळीकडे कांचन वाटला गेला आणि मी प्रत्येकाच्या हातून घेतला.

आणखी एक आपटा मला माहीत आहे. लहान आहे, जेमतेम कमरेएवढा. तो कुठे आहे ते मी इथेही लिहिणार नाही. तुम्हीही दसऱ्याला सोनं वाटत असाल.