कराडचा ठिपका

सकाळी उठल्यावर मी आधी माझ्या ऑनलाइन दुकानाचे आकडे बघतो. या क्षणी कोणत्या गावातून कोण दुकानात आलं आहे, ते नकाशावर ठिपक्यांनी दिसतं. कराडचा एक ठिपका रोज यायचा. मसाल्यांकडे न वळता तो थेट 'आमच्याविषयी' या पानावर जायचा, बराच वेळ थांबायचा आणि काही न घेता निघून जायचा. त्या पानावर माझा फोटो होता. तिथून विक्री होत नाही, म्हणून मी फोटो काढून हळदीच्या सवलतीची जाहिरात लावली. कराडला माझे आईबाबा राहतात, हे माझ्या मनातही आलं नाही.

दोन दिवसांनी बाबांचा फोन आला. "दुकानातनं कुठं गेलास रे? चहा घेताना आई बघते तुला. आता म्हणते, हळद स्वस्त झाली आणि मुलगा संपला."

माणूस कुठून आला, किती वेळ थांबला, हे मला रोज कळतं. कशासाठी आला, हे मी कधी विचारलंच नाही.

फोटो लगेच परत लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपका आला. फोन हातातच होता. तरी मी तो कराडला लावला नाही. आईबाबा किती वेळ थांबतात, तेवढंच बघत बसलो.