पाणी पाजणारा लेओन

इस्माईलचाचा कुणाचं कौतुक करायचे तर 'शाब्बास' म्हणत नसत, 'लेओन' म्हणत. बुरोंडीच्या शाळेत माझी नेमणूक झाली आणि मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहायला आले. त्या दिवशी पुस्तकांची ट्रंक मी एकटीनेच जिन्यावरून वर ओढून नेली. ओटीवर बसलेले चाचा मान डोलावत म्हणाले, "लेओन." मला वाटलं, इथली एखादी शिवी असावी. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने, हलीमाचाचीने, बांगड्याचं कालवण वर आणून दिलं आणि खुलासा केला, "सिंह बोलले ते तुला. मला चाळीस वर्षांत एकदाच बोललेत, तेही मी नाग मारला तेव्हा."

चाचा तीस वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी होते. त्यातली बरीचशी एका ग्रीक मालकाच्या जहाजांवर गेली. तिथला म्हातारा आचारी त्यांचा दोस्त. त्याने सांगितलं होतं की आता आम्ही सिंहाला 'लिओंदारी' म्हणतो, पण आमच्या जुन्या लोकांचा शब्द 'लेओन'. जुने ग्रीक दगडाचा सिंह कुठे कुठे बसवत, तेही त्याने सांगितलं होतं. वेशीवर राखणीला, लढाईत पडलेल्यांच्या थडग्यावर, आणि पाण्याच्या झऱ्यावर. त्याच्या गावात अजून असा एक सिंह होता. त्याच्या तोंडातून पाणी पडायचं आणि अख्खं गाव ते भरायचं. चाचांना हा तिसरा फार आवडला. म्हणायचे, "वेशीवरचा भिववतो, कबरीवरचा रडवतो. पाणी पाजतो तो खरा. बाकीचे नुसते बसलेत."

चाचांच्या घरामागे उतारावर एक झरा होता. त्याचं पाणी बांधीव कुंडीत साठून कुंपणाच्या दगडी गडग्यातून रस्त्यावर पडायचं आणि खालची वाडी ते भरायची, अगदी त्यांच्या आजोबांपासून. निवृत्त होऊन आल्यावर चाचांनी पाणी पडायचं तिथेच लेओन बसवायचं ठरवलं. बाळा गवंडी जांभ्याचे चिरे बसवण्यात पटाईत, पण कोरीवकाम त्याने कधी केलं नव्हतं. चाचांनी आठवणीतून काढून दिलेल्या चित्रावरून त्याने जे घडवलं, ते दात पडलेल्या बोक्यासारखं दिसत होतं. दारात मूर्ती नको म्हणून कुणीतरी कुरकुर केली. मौलानासाहेब स्वतः आले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि म्हणाले, अल्लाने असा कुठला प्राणी घडवलेलाच नाही, तेव्हा राहू दे. हा किस्सा सांगताना चाचांना हसू आवरायचं नाही.

त्यांना मूलबाळ नव्हतं. भाऊ वारल्यावर त्याचा मुलगा रफीक त्यांनीच वाढवला. तो आखातात नोकरी करून परत आला आणि घरापासून थोड्या अंतरावर पर्यटकांसाठी त्याने खोल्या बांधल्या. खोल्यांना पाणी हवं, म्हणून कुंडीवर पंप बसवायचं त्याने ठरवलं. सातबाऱ्यावर त्याचंही नाव होतं. सगळे नातेवाईक त्याच्या बाजूने. पण पंप बसला असता तर उन्हाळ्यात खालच्या वाडीला थेंब मिळाला नसता.

प्लंबर आला त्या सकाळी चाचा खुर्ची घेऊन कुंडीच्या काठावर बसले. प्लंबरला चहा पाजला आणि सांगितलं, खुशाल बसव, मी काही उठत नाही. तो चहा पिऊन गेला. आठवडाभर चाचा रेडिओ आणि छत्री घेऊन तिथेच बसले. शाळा सुटली की मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. शेवटी रफीक स्वतः पाना घेऊन आला.

"चाचा, उठा. माझा पण हिस्सा हाय."

"हाय ना. घागर आण, भरून ने. कोण अडवतंय तुला?"

रफीकने पाना तिथेच टाकला. पंपाशिवाय ह्या घरात पाय ठेवणार नाही, असं सांगून तो गेला. मी कौतुकाने चाचांना म्हटलं, "लेओन." ते हसले नाहीत. हळूच म्हणाले, "लेओन कसला, बाई. पोरगा गेला माझा."

ईदलाही तो आला नाही. चाचीने त्याच्या वाटणीचा शीरखुर्मा संध्याकाळपर्यंत झाकून ठेवला आणि मग मला दिला.

मे महिन्यात रफीकच्या बोअरवेलला खारं पाणी लागलं आणि टँकरही येईना. एका सकाळी त्याची बायको शबनम कळशी घेऊन रांगेत उभी राहिली. चाचा जवळ गेले, तिचा नंबर आला तेव्हा तिची कळशी भरली आणि स्वतःच रिक्षापर्यंत नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी रफीक आला. मान खाली घालून रांगेत उभा राहिला. चाचा घराकडे तोंड करून म्हणाले, "हलीमा, तांदूळ जास्त टाक."

पुढे माझी बदली पोफळीला झाली. मागच्या वर्षी चाचा गेले. दुपारचा नमाज पढून खुर्चीत बसले, तिथेच झोपेत. चाचीला भेटायला मी बुरोंडीला गेले, तर कुंडीवर पंप बसलेला. पण त्याचा पाइप खोल्यांकडे गेला नव्हता. तो डोंगरावर, वरच्या वाडीकडे गेला होता. तिथे आता बहुतेक म्हातारी माणसंच राहतात आणि त्यांना पाणी घेऊन चढण चढावी लागायची. खालच्या वाडीचं भरून झालं की रफीक रोज अर्धा तास पंप चालवतो.

मी त्याला विचारलं, हे चाचांनी सांगून ठेवलं होतं का.

"नाय, बाई. त्यांना सांगितलं असतं तर बोलले असते, एवढा उशीर का केलास," असं म्हणून तो पंप बंद करायला गेला.